डब्यावरचा नंबर मिळाला नाही तर?



गेल्या जुलैची गोष्ट. सोयाबीन महिन्याचं झालं होतं, चार दिवस उघडीप मिळाली होती आणि आमच्या गटाच्या वीडरसाठी अकरा जणींचे नंबर लागले होते. मशीन चालवणाऱ्या ताईंनी सकाळी ऑइलची काडी काढून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. त्यांनी दुकानातून मला फोन केला. "पुस्तिकेतलं १० डब्ल्यू ३० इथं नाही. २० डब्ल्यू ४० आहे म्हणतोय. घेऊ का?"

मी ठासून सांगितलं, "पुस्तिकेत लिहिलंय तेच घालायचं. मी उद्या तालुक्याहून आणते."

मशीन बंद ठेवा, एवढं सांगायचं मात्र मी विसरले. रानात बाया वाट बघत होत्या, आभाळ पुन्हा भरून येत होतं. ताईंनी आहे तेवढ्या ऑइलवर मशीन चालवलं. दुपारी तीनला इंजिन जाम झालं. दोरी ओढली तर हलेना. दुरुस्तीला ६,४०० रुपये गेले, नऊ दिवस गेले, आणि तोवर तण इतकं वाढलं की बायकांना रोजाने खुरपणी करून घ्यावी लागली. गटाच्या बैठकीत कोणी मला बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिस्त्री मात्र बोलले. "ताई, ते २० डब्ल्यू ४० घातलं असतं तर इंजिनाला काही झालं नसतं. तुम्ही नंबर सांभाळला आणि ऑइलच दिलं नाही."

तेव्हापासून मी हा विषय धरून बसले. पुस्तिका वाचली, मिस्त्रींना छळलं, दुकानातले डबे उलटेपालटे करून पाहिले. त्यातलं जे कामाचं वाटलं ते आज सांगते.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू. आपल्या घरची काकवी आठवा. थंडीत बरणी उलटी केली तरी काकवी खाली येत नाही, आणि चुलीवर गरम केली की पाण्यासारखी पळते. ऑइलचंही तसंच. १० डब्ल्यू ३० मधलं डब्ल्यू हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं आणि मशीन चालू होताच सगळीकडे पोचतं. मागचा आकडा गरम इंजिनातला. १०० अंश तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. ३० पेक्षा ४० दाट, ४० पेक्षा ५० दाट.

आता आपल्याकडे बर्फ पडत नाही. जुलैत तर पहाटेही उकडतं. म्हणून पुढचा आकडा १० च्या जागी २० आला, तर आपल्याकडे फारसं बिघडत नाही. डिसेंबरच्या पहाटे दोरी दोनदा जास्त ओढावी लागेल, इतकंच. मागच्या आकड्याला मात्र जपायचं. सांगितलेल्यापेक्षा एक पायरी दाट, म्हणजे ३० ऐवजी ४०, हे काही दिवस चालतं. इंजिन थोडं जड फिरतं, पेट्रोल जरा जास्त पितं. पण ४० सांगितलं असताना ३० किंवा २० घालून भर उन्हात मशीन ताणू नका. पातळ ऑइलचा थर तुटला की लोखंडावर लोखंड घासतं. आमच्या वीडरच्या पुस्तिकेत तर हवेच्या उष्णतेचा तक्ताच छापलाय आणि त्यात आपल्या हवेला नुसतं ३० नंबरचं ऑइलही चालेल असं दाखवलंय. तो तक्ता माझ्याच कपाटात होता. मी कधी उघडूनच पाहिला नव्हता.

पण बायांनो, नंबर हा नंतरचा प्रश्न. दुकानात उभ्या राहाल तेव्हा पहिला प्रश्न वेगळा विचारायचा: आपलं मशीन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? खांद्याला अडकवायचं गवत कापायचं मशीन पुष्कळदा टू-स्ट्रोक असतं. त्यात ऑइलची वेगळी टाकी नसते, २टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात. जुन्या मोपेडचंही तसंच होतं. या मशीनला २टी मिळालं नाही, तर सरळ बंद ठेवा. नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर पिस्टन थोड्या वेळात धरतो. इंजिन ऑइल मिसळून चालवलं तर धूर होतो आणि प्लगवर काजळी बसते. उलट २टी ऑइल फोर-स्ट्रोकच्या टाकीत घालायचं नाही. ते जळून जाण्यासाठीच बनवलेलं असतं, महिनोन् महिने इंजिनात राहून काम करण्यासाठी नाही. दुकानदार "ऑइल ते ऑइल" म्हणाला तरी बाटली परत करा.

दुसरी गोष्ट अक्षरांची. डब्यावर एपीआय असं लिहून पुढे दोन-तीन अक्षरं असतात. एस ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनाची: एसजे, एसएल, एसएम, एसएन. सी ने सुरू होणारी डिझेलची: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. पुस्तिकेत एसजे लिहिलं असेल आणि दुकानात एसएल किंवा एसएन असेल, तर खुशाल घ्या. पुढचं अक्षर म्हणजे नंतरची, जास्त कडक परीक्षा पास झालेलं ऑइल. मागच्या अक्षराचं मात्र घेऊ नका. डिझेलच्या काही डब्यांवर सीआय-४ च्या शेजारी एसएल असंही छापलेलं असतं. अशा डब्यातलं १५ डब्ल्यू ४० अडचणीच्या वेळी फोर-स्ट्रोक वीडरला चालून जातं. नुसतं सी असेल तर पेट्रोलच्या मशीनसाठी ते नको.

आता गाड्यांचं. आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्कूटीवर दूध घालायला, बँकेत, अंगणवाडीत जातात. स्कूटीच्या ऑइलवर एमबी लिहिलेलं असतं आणि मोटारसायकलच्या ऑइलवर एमए किंवा एमए२. यात फरक असा, की बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडलेल्या असतात. त्यांना पकड लागते. स्कूटीचा क्लच ऑइलच्या बाहेर कोरडा असतो, म्हणून एमबी ऑइल जास्त निसरडं केलेलं असतं. तेव्हा स्कूटीत मोटारसायकलचं एमए ऑइल घातलं तर चालतं, ॲव्हरेज किंचित पडेल. पण दादांच्या मोटारसायकलमध्ये स्कूटीचं किंवा मोटारगाडीचं ऑइल घातलं, तर क्लच घसरायला लागतो. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची ओढत नाही. एका मैत्रिणीच्या घरी याच लक्षणावर क्लचप्लेटा बदलून झाल्या, पैसे गेले, आणि नंतर कळलं की ऑइलच चुकीचं होतं.

गिअर ऑइलचं एक फसवं प्रकरण आहे. डब्यावर ९० लिहिलेलं असतं, म्हणून कुणाला वाटतं हे दुप्पट दाट, दुप्पट चांगलं. तसं नाही. गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत. गिअरचं ९० हे जवळजवळ इंजिनाच्या ४०-५० इतकंच दाट असतं. पण त्यात इंजिनाची काजळी धरून ठेवणारी द्रव्यं नसतात, ती गिअरच्या दात्यांसाठी वेगळी घातलेली असतात. म्हणून इंजिनात ते नको. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचंही नको. आणि गोडंतेल तर नकोच. हसू नका, हा प्रश्न मला फोनवर खरंच विचारला गेलाय. खायचं तेल तापलं की चिकट होऊन इंजिनात थापतं.

वेगळ्या नंबरचं किंवा वेगळ्या कंपनीचं ऑइल आधीच्या ऑइलवर ओतलं तर नासतं का, असंही विचारतात. दुधात लिंबू पडल्यासारखं काही होत नाही. इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात, साधं आणि सिंथेटिकसुद्धा. जाती मात्र वर सांगितल्या तशा जुळायला हव्यात. अशी भर घातली की तारीख वहीत लिहा आणि ऑइल बदलायची वेळ अलीकडे ओढा. आमच्या पुस्तिकेत पहिला बदल २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी सांगितलाय. अडचणीचं ऑइल घातलं असेल, तर आम्ही ५० तासांतच बदलतो. गाडी वॉरंटीत असेल, तर दुसरं ऑइल घालण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि बिल जपून ठेवा.

सुटं ऑइल मी घेत नाही. पिंपातलं स्वस्त मिळतं खरं, पण ते नवं आहे की कुणाच्या इंजिनातून काढून गाळलेलं, हे बघून कळत नाही. सीलबंद बाटली घ्या, अर्ध्या लिटरची का असेना.

मोजायचं कसं, हेही सांगते. मशीन सपाट जागेवर ठेवा, इंजिन बंद करून थोडं थांबा, काडी पुसा, मग बघा. आमच्या मशीनची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींची पूर्ण फिरवून. हे पुस्तिकेत असतं. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्त झालं तर फेस होतो, धूर निघतो. काही मशीन ऑइल कमी झालं की आपोआप बंद पडतात. आमचं त्यातलं नाही.

आमच्या वीडरला ६०० मिली ऑइल लागतं. आता जूनच्या बैठकीतच १० डब्ल्यू ३० च्या दोन बाटल्या घेऊन गटाच्या पेटीत ठेवतो. वीडरच्या दांड्याला प्लास्टिकमध्ये एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय: फोर-स्ट्रोक, पेट्रोल, एसजे किंवा पुढचं, १० डब्ल्यू ३०, नाही मिळालं तर २० डब्ल्यू ४०. त्याखाली मोठ्या अक्षरात: काडी कोरडी असेल तर दोरी ओढू नका. ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी डब्यावरची तीच इंग्रजी अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे चिठ्ठीवर काढले आहेत. त्या दुकानात चिठ्ठी डब्याशेजारी धरतात आणि जुळवून घेतात.

काढलेलं जुनं ऑइल आम्ही डब्यात साठवून गॅरेजवाल्याला देतो. विहिरीजवळ किंवा बांधावर ओतत नाही, आणि गोठ्याच्या लाकडांना फासायलाही आता देत नाही, कारण जनावरं ती चाटतात.