मिठी नदीचा धडा : ओढ्याची वाट मोकळी ठेवा

अतिवृष्टी म्हटली की आपल्याला चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा आकडा आठवतो. पाऊस त्याच्या वर गेला की पंचनाम्याची बोलणी सुरू होतात. आता हा आकडा ऐका. २६ जुलै २००५ रोजी मुंबई उपनगरात, सांताक्रूझच्या वेधशाळेत, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वर्षाच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाऊस एका दिवसात! त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही.

मुंबईची गोष्ट आम्हाला कशाला, असे म्हणाल. पण मिठी नदी काही गोदावरी-कृष्णा नव्हे. लांबी जेमतेम अठरा किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती निघते आणि मरोळ, साकीनाका, कुर्ला करीत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर भराव पडले. पात्रात झोपड्या आणि कारखाने आले. विमानतळापाशी प्रवाह वळवला गेला. वांद्रे-कुर्ल्याच्या दलदलीत माती टाकून इमारती उभ्या राहिल्या. पाण्याला पसरायची जागाच उरली नाही. त्या दिवशी वरून पाऊस आणि खालून भरती. पाणी घराघरांत शिरले, शेकडो माणसे दगावली.

शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती ५० मिलिमीटरच्या हिशेबाने करा, असे १९९३ च्या अहवालात सांगितले होते. काम रेंगाळले. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटर कोसळला. नंतर नदी रुंद-खोल केली, इर्ला नाल्यावर पंप बसवले, पैसा पाण्यासारखा ओतला. तरी अंधेरीचा सबवे आजही पावसाळ्यात तुंबतोच. बुजवलेली वाट पुन्हा मोकळी करणे महाग पडते, ते असे.

हवामान बदलले आहे हे आता आपल्यालाही दिसते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसले. अरबी समुद्र तापतो आहे, त्यामुळे जमिनीवर जास्त बाष्प येते. पाऊस आपल्या हाती नाही. ओढा मात्र आपल्या हाती आहे. आपल्यासारख्या गरीब देशाला परवडणारा उपाय तोच.

तेव्हा मृगाआधी एक दिवस काढा. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक आणि काठावरचे शेतकरी, सगळे मिळून गावनकाशा हातात घेऊन ओढा उगमापासून चाला. कुठे बांध आत सरकला, कुठे भराव पडला, कुठे मोरीचा पाइप अरुंद आहे, ते लिहून घ्या. खाजगी मालकीचे नसलेले नदी-नाले जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचे आहेत, हे समजावून सांगा. पात्रालगत बांधकामाला परवानगी देताना मागचा मोठा पूर कुठवर आला होता, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. खाडीकाठच्या गावांनी खारफुटी तोडू देऊ नये. लाटांचा जोर तीच मोडते.

दोन वाफे वाढवण्यासाठी आपणही ओढ्यात नांगर घालतो, हे खोटे नाही. पण पाणी आपली वाट विसरत नाही, बरं का! आज वाट दिली नाही, तर उद्या ते उभ्या पिकातून काढून घेईल.