थळचा युरिया आणि प्रबंधातलं मॉडेल: वाढलेला खर्च जातो कुठे?

एम.ए.च्या प्रबंधासाठी स्थूल अर्थशास्त्राचा प्रश्न संगणकावर कसा सोडवायचा, हा आजचा विषय. अलिबागमध्ये बोलतोय, तर थळपासूनच सुरुवात करू.

आरसीएफचा थळचा कारखाना तुम्हाला ठाऊकच आहे. 1980 च्या दशकात मुंबई हायच्या गॅसच्या भरवशावर तो उभा राहिला. युरिया बनवायचा तर कच्चा माल म्हणजे हा गॅस, आणि खर्चातला सगळ्यात मोठा वाटाही त्याचाच. देशातल्या युरिया कारखान्यांना आता आयातीचा गॅसही लागतो. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि जगभर गॅसचे भाव कडाडले. समजा, एका विद्यार्थिनीने प्रश्न घेतला: गॅस महागला तर अर्थव्यवस्थेचं काय होतं?

अशा प्रश्नाला सीजीई नावाचं मॉडेल चालतं. नॉर्वेच्या लेइफ योहान्सेन यांनी 1960 मध्ये असं पहिलं मॉडेल मांडलं. कल्पना साधी आहे. कुटुंबं, कारखाने, शेती, सरकार, परदेश, यांत कोण कोणाला किती पैसे देतो याचा चौकोनी तक्ता करायचा. एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत, म्हणून प्रत्येकाची आडवी बेरीज उभ्या बेरजेशी जुळायलाच हवी. मग एका जागी धक्का द्यायचा. सगळे बाजार पुन्हा जुळेपर्यंत संगणक नव्या किमती शोधत राहतो.

आता पुस्तकातलं मॉडेल जसंच्या तसं चालवलं तर काय येतं? गॅस महाग, युरिया महाग, भात महाग. आलेखही छान दिसतो. पण पेणच्या शेतकऱ्याला विचारा! 45 किलोच्या गोणीची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे, 242 रुपये. कर आणि निंबोळी-लेपाचे पैसे वेगळे. 2022 मध्ये ती हललीच नाही. खर्च तर वाढला. तो गेला केंद्राच्या खत अनुदानात. 2022-23 मध्ये हे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर पोचलं. त्यात आयात युरिया, फॉस्फेट, पोटॅश हे सगळं आलं, पण दिशा कळायला एवढं पुरे.

म्हणजे युरियाची किंमत मॉडेलमध्ये बांधून टाकायची आणि अनुदान मोकळं सोडायचं. खरी मेख इथून पुढे आहे. सरकारने हे पैसे आणायचे कुठून? कर वाढवून, कर्ज काढून, की रस्ते-बंदरांवरचा खर्च कापून? मॉडेल हे स्वतःहून सांगत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं. याला ‘क्लोजर’ म्हणतात. समीकरणं जास्त आणि अज्ञातं कमी, मग कुठली अट सोडायची, हा प्रश्न अमर्त्य सेन यांनी 1963 च्या एका लेखात मांडला होता. कर वाढवला तर कुटुंबांचा आजचा खर्च घटतो. कर्ज काढलं तर खाजगी गुंतवणुकीला पैसा कमी उरतो. रस्ते कापले तर आज कोणालाच काही जाणवत नाही, पण पुढच्या वर्षांची वाढ मंदावते. धक्का एकच, उत्तरं तीन.

बरेच प्रबंध यातला एक पर्याय घेतात आणि का घेतला ते एका ओळीतही सांगत नाहीत. परीक्षकाने तिथेच बोट ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिन्ही चालवा, तिन्ही छापा. पिकाचा युरियाला प्रतिसाद किती, असले जे आकडे तुम्ही दुसऱ्याच्या अभ्यासातून उचलता, तेही निम्मे-दुप्पट करून बघा. निष्कर्ष उलटला तर तसं लिहा. तो प्रबंध नापास होत नाही.

एक मोह मात्र टाळा. ‘रायगड जिल्ह्याचं सीजीई’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्याला लागणारे सप्लाय-यूज तक्ते सरकार देशपातळीवर काढतं, जिल्ह्याचे नाही. सहा महिन्यांत ते घरी बनवायला गेलात तर अर्धे आकडे अंदाजाचेच असणार. प्रश्न देशाचा ठेवा, थळ उदाहरणापुरतं. क्षेत्रंही चार-पाचच घ्या: शेती, खत, ऊर्जा, बाकी उद्योग, सेवा.

मघाशी एकाने विचारलं, गॅम्स की पायथन? कुठलंही चालेल. आधी धक्का न देता मॉडेल चालवा. मूळ तक्ता जसाच्या तसा परत आला नाही, तर चूक तुमच्या बेरजांत किंवा समीकरणांत आहे, सॉफ्टवेअर बदलून ती जाणार नाही.