ऊन साठवणारी भिंत

लेहचा पारा उणे 20 च्या खाली गेल्याची बातमी हिवाळ्यात येते, तेव्हाही तिथल्या सौर हरितगृहांत शेगडी न पेटवता पालक वाढत असतो. लडाखला उन्हाचा तुटवडा नाही. दिवसाचे ऊन पहाटेपर्यंत टिकवायचे कसे, हाच पेच आहे आणि बांधकामाच्या साहित्याची निवड त्यावरूनच ठरते.

हरितगृहाच्या जाहिराती दक्षिणेकडच्या पारदर्शक आच्छादनाचे गुण गातात. रात्रीची मदार मात्र उत्तरेच्या भिंतीवर असते. डिसेंबरअखेरीस लेहमध्ये भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर येतो, त्यामुळे तिरपे ऊन थेट या भिंतीपर्यंत पोचते. जेरेस या फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांच्या साथीने रुजवलेल्या रचनेत भिंत दुहेरी असते. आत आणि बाहेर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, मधल्या सुमारे 10 सेंटीमीटरच्या फटीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा. इथे क्रमाला महत्त्व आहे. ऊब साठवणारी जाड माती रोपांच्या बाजूला आणि ऊब अडवणारा पेंढा तिच्यामागे हवा. पेंढा पुढे आला, तर ऊन मातीपर्यंत पोचतच नाही. तो ओला झाला, तर कुजतो आणि थंडीही अडवत नाही.

रंगाचाही हिशेब असतो. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळचे ऊन पडते. गारठलेल्या रोपांना ते लगेच मिळावे म्हणून ही भिंत आतून चुन्याने पांढरी करतात. पूर्वेच्या भिंतीवर दुपारनंतरचे ऊन येते. ते रात्रीसाठी मुरावे म्हणून ती काळी.

दगड ऊब साठवतो, पण त्यातून ती मातीपेक्षा फार लवकर निसटते. पायासाठी तो उत्तम. पाणी तेवढ्याच घनफळाच्या कच्च्या विटेपेक्षा अडीच पटींहून अधिक ऊब धरते, मात्र पाण्याची पिंपे वाफ्यांची जागा खातात. सिमेंटचे पोकळ ठोकळे घाट ओलांडून आणायचे, आणि ते ना नीट साठवतात, ना नीट अडवतात.

आच्छादनात काच जड आणि ठिसूळ. उंचावरच्या अतिनील किरणांत साधे प्लास्टिक लवकर फाटते, म्हणून ते किरण सोसणारे जाड पॉलिथिन घेतात. मात्र रात्री रोपे आणि माती यांच्यातून निघणारी उष्णता पॉलिथिनमधून आरपार जाते. त्यावर उपाय सूर्यास्तानंतर आतून ओढायचा कापडी पडदा. दुपदरी पॉलिकार्बोनेटमधून एकेरी काचेच्या मानाने जवळपास निम्मीच ऊब जाते, पण एकेरी, पातळ भिंतीवर हे महागडे पत्रे चढवणे म्हणजे फुटक्या माठाला चांदीचे झाकण.

मातीचा खरा वैरी थंडी नसून पाऊस आहे. ऑगस्ट 2010 च्या लेहमधील ढगफुटीत मातीची अनेक घरे कोसळली. म्हणून नव्या बांधकामात दगडी जोते उंच घ्यावे, छत भिंतीबाहेर काढावे आणि पेंढा मिसळलेल्या मातीचा गिलावा वेळच्या वेळी पुन्हा द्यावा.