गुंता कसा सोडवायचा?

मुलांनो, गोवंडीच्या जवळ देवनार येथे टाटा समाजविज्ञान संस्था आहे. ती १९३६ साली नागपाड्यात सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले. २०१२ मध्ये याच संस्थेने फोनवरून समुपदेशन करणारी 'आयकॉल' सेवा सुरू केली.

'समुपदेशन' हा शब्द कठीण वाटेल. 'सल्ला', 'मसलत' हे मराठी शब्द मात्र तुमच्या ओळखीचेच आहेत. पण गंमत अशी, की चांगला समुपदेशक सल्ला देण्याची घाई करत नाही. तो आधी ऐकून घेतो.

समजा, बैंगनवाडीतील नववीची एक मुलगी म्हणते, "मी नापासच होणार. शाळा सोडून देते." समुपदेशक विचारतो, "नेमके कुठे अडते?" बोलता बोलता कळते, की संध्याकाळ पाणी भरण्यात जाते. घर एका खोलीचे. रात्री अब्बांचे शिलाई मशीन चालू असते. गणिताचा गृहपाठ राहून जातो. म्हणजे खरी अडचण काय? रोज एक तास आणि बसायला शांत जागा!

मग ती सुचतील ते सर्व उपाय कागदावर लिहिते. शाळा सुटल्यावर वर्गात थांबावे, खालाच्या घरी बसावे, भावाने पाणी भरावे. प्रत्येक उपायाचे फायदे-तोटे पाहून ती एक निवडते आणि आठवडाभर करून पाहते. भाऊ तीन दिवस पाणी भरतो, चौथ्या दिवशी क्रिकेट खेळायला पळतो! हरकत नाही. कागदावर आणखी दोन उपाय आहेतच. उपाय तिने स्वतः शोधले, म्हणून पुढची अडचण आली तर काय करायचे, हे तिला ठाऊक असते.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने ही पद्धत दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत २५० मुलामुलींबरोबर तपासली. काहींना फक्त चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या. काहींना पुस्तिका आणि समुपदेशकही. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. ज्यांना समुपदेशक भेटले, त्यांच्या अडचणी अधिक कमी झाल्या.

समुपदेशकाकडे फक्त वेडे लोक जातात, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही.

मात्र प्रत्येक अडचण कागदावर सुटत नाही. कोणी मारत असेल, छळत असेल, तर तो प्रश्न एकट्या मुलाने सोडवायचा नसतो. विश्वासू मोठ्या माणसाला सांगा किंवा १०९८ वर फोन करा. मन फार उदास झाले, जगणे नकोसे वाटले, तर १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे आणि रात्रीसुद्धा तेथे फोन उचलला जातो.