जू उतरल्यानंतर

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जिथे जू घासलेलं असतं, नेमका तिथेच हळद-तुपाचा हात फिरतो. दोनेक महिन्यांत दिवाळी येते, पाठोपाठ कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडते आणि तोच खांदा उसाच्या गाडीखाली जातो.

मुकादमाकडून घेतलेली उचल टनावर फिटते. त्यामुळे एक खेप वाचावी म्हणून गाडीवान गाडी भरेल तितकी भरतो. डांबरी रस्त्यावर खुरांची पत्री झिजते, पाय घसरतो, बैल गुडघ्यांवर येतो. खांदा आधी सुजतो, मग फुटतो, आणि दुसऱ्या पहाटे त्याच जखमेवर पुन्हा जू बसतं. वेसणीचं भोक चिघळून त्यात अळ्या पडतात. शिंगाचा कॅन्सर तर फारच भयंकर. शिंग एका बाजूला कलतं, नाकातून रक्त येतं, बैल डोकं झटकत राहतो. आणि तो अंगचोरपणा करतोय असं समजून त्याला पराणी टोचली जाते.

ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठीचे 1965 चे नियम वाचले की चीड येते, कारण ते इतके स्पष्ट आहेत. दिवसात 9 तासांहून जास्त काम नाही, सलग 5 तासांहून जास्त नाही. पारा 37 अंशांपुढे जातो तिथे दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. खिळ्याची पराणी तर मुळीच नाही. पण ज्या 1960 च्या कायद्याखाली हे नियम झाले, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला 10 ते 50 रुपये.

या कायद्याखाली जप्त झालेलं जनावर पोलिसांच्या लेखी मुद्देमाल असतं. खटला संपेपर्यंत त्याला कुठे ठेवायचं, कोणी खाऊ घालायचं? 2017 च्या नियमांनी हा खर्च मालकावर टाकण्याची सोय केली, हे फार चांगलं झालं.

सुटकेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक. हडकलेला बैल पाहून लोक मायेनं धान्य, भाकरी, भात पुढे करतात आणि त्यानेच तो दगावू शकतो. असं अन्न एकदम पोटात गेलं की आम्ल वाढतं, रवंथ करणं थांबतं. त्याला कोरडी वैरण थोडी थोडीच द्यावी लागते. उठता न येणाऱ्या बैलाखाली पेंढ्याचा जाड थर हवा, आणि दर काही तासांनी कूस बदलायला हवी. एवढं जड धड एकाच अंगावर पडून राहिलं, तर खालचे स्नायू आणि नसा निकामी होतात. या कामाला तीन-चार माणसं लागतात, रात्रीसुद्धा. लाळ्या-खुरकूत किंवा लंपी इतरांना लागू नये म्हणून नवं जनावर काही दिवस वेगळं बांधतात.

मग उरतात वर्षं. बैल वीस वर्षंही जगू शकतो. अतिकष्टाने तो दहा-बाराव्या वर्षीच थकतो. चारशे किलोंच्या बैलाला रोज साधारण दहा किलो कोरडा चारा धरला, तर राहिलेल्या आयुष्यासाठी तीस-पस्तीस टन वैरण लागते. एका बैलासाठी! हे जुन्या लोकांना नीट कळलं होतं. मुंबईत 1832 मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी समाजात दंगा उसळला. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या व्यापारी सहकाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभारला. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून पट्टी बसवली. एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा अशी सतत येणारी छोटी रक्कम निवाऱ्याला जगवते, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात 2015 मध्ये बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाची कत्तलीसाठी होणारी विक्री बंद झाली. त्याला सांभाळायची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

गाडीवानाचंही तसंच. बैल गेला आणि उचल राहिली, तर तो आणखी कर्ज काढून दुसरी जोडी आणणार, म्हणजे एक सुटला आणि दोन जुंपले. सांगली भागात 2003 पासून काम करणारी 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था राबत्या बैलांवर उपचार करते, थकलेल्यांना निवारा देते आणि ऊस वाहायला बैलगाडीऐवजी छोटे ट्रॅक्टर यावेत म्हणून खटपट करते. ही तिन्ही कामं एकत्र चालली तरच बैलाची खरी सुटका होईल. ट्रॅक्टर देताना कारखान्याने करारातच लिहून ठेवावं की रिकामी झालेली जोडी कोणत्या निवाऱ्यात जाईल आणि तिच्या वैरणीचे पैसे कोण भरेल.