तापीकाठची सपाटी आणि सायकल

खानदेशात सायकलवर लांबचा प्रवास करायचा, तर वाट तापीने आधीच आखून ठेवलेली आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधे पूर्व-पश्चिम पसरलेली काळ्या मातीची पट्टी. मुलताईजवळ उगम पावणारी ७२४ किलोमीटर लांबीची तापी महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या उलट पश्चिमेला जाते. ती खचदरीतून वाहते, हे त्याचं कारण. भूकवचाला भेगा पडून त्यांच्यामधला पट्टा खाली बसला आणि त्या खोलगट जागेत नदीने गाळ भरला. सायकलस्वाराच्या चाकाखाली जी सपाटी येते ती या गाळाची. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०९ मीटर उंचीवर आहे, धुळे अडीचशेच्या घरात, आणि मधलं अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. इतक्या लांबवर विभागलेली चाळीसेक मीटरची चढण पायांना कळतही नाही.

चढ लागतात ते नद्यांपाशी. जळगावहून धुळ्याकडे निघालं की बांभोरीला गिरणा, एरंडोलला अंजनी, पारोळ्याच्या पुढे बोरी, शेवटी पांझरा. प्रत्येक ठिकाणी रस्ता जरा उतरतो, पूल येतो आणि पलीकडे तेवढंच वर चढावं लागतं. खुद्द तापीचे काठ मात्र उंच आहेत आणि मऊ गाळात नाल्यांनी खोल घळी पाडल्या आहेत. त्यामुळे नकाशावर नदी अगदी जवळ दिसते, पण रस्ता तिला चिकटून जात नाही. बराच दूर राहतो.

जळगाव–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सहा नंबर. रस्ता रुंद आहे, पण मालट्रकांची रांग तुटत नाही. सायकलसाठी खरा रस्ता तापीच्या उत्तरेचा. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा हा मार्ग रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी गावं घेत शिरपूरला पोहोचतो. उजव्या हाताला सातपुड्याची निळसर भिंत दिवसभर सोबत असते. रावेर ते शिरपूर हे अंतर दोन दिवसांत आरामात होतं आणि चोपड्याचा मुक्काम मधोमध पडतो. सुरुवात मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवपासून करावी. तिथे पूर्णा तापीला मिळते, काठावर चांगदेवाचं जुनं मंदिर आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. जवळच हतनूर धरण आहे. त्याच्या एक्केचाळीस दरवाजांच्या मागे पसरलेल्या पाण्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात.

सपाट म्हणजे सोपं, असं सायकल न चालवणाऱ्याला वाटतं. घाटात निदान चढानंतर उतार मिळतो, उतारावर पाय थांबतात, शरीर बैठकीवरून उचललं जातं. सपाटीवर पायडल अखंड मारावं लागतं आणि तासन्‌तास बैठक एकच राहते. शिवाय डोंगराची जागा इथे वारा घेतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारासमोरून पंधराचा वारा आला, तर अंगावर पस्तीसचा वारा बसतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो तिपटीने वाढतो. गियर दोन दात हलका करून, हँडलवर वाकून, वेग बारा-तेरावर आणायचा, एवढाच उपाय. जो वेग सोडायला तयार नसतो त्याचे गुडघे संध्याकाळी बोलतात.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात खानदेशात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. तापीचं खोरं गुजरातच्या बाजूला उघडं आहे आणि तिकडून आलेल्या वाऱ्याला मधे अडवणारं फारसं काही नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. हिवाळ्यात हा जोर ओसरतो आणि पहाटे वारा अनेकदा पूर्वेकडून असतो. म्हणून रावेरकडून शिरपूरकडे, म्हणजे सूर्य पाठीशी आणि वाराही पाठीशी ठेवून, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा सायकलवरचा प्रवास सकाळी नऊला संपलेला बरा.

या वाऱ्याशी खानदेशचा शेतकरी आधीपासून झुंजतो आहे. केळीचं पान मोठं आणि नाजूक. लू लागली की ते चिरतं, झाड वाकतं. म्हणून रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट कड लावतात. उघड्या कपाशीतून येताना वारा कानात भरलेला असतो, आणि शेवरीची रांग सुरू झाली की तो एकदम थांबतो. सायकलची साखळी ऐकू येते. ठिबकने भिजलेल्या मातीचा वास येतो आणि सावलीत हवा गारही लागते. पाच-सातशे मीटर गेल्यावर बाग संपते की पुन्हा समोरून धक्का. अनुभवी सायकलस्वार पाणी पिणं, घाम पुसणं, नकाशा पाहणं ही कामं अशा आडोशासाठी राखून ठेवतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या रस्त्यावर ती घडाघडाने ट्रकमध्ये चढताना दिसते, खाली आणि कडेला केळीच्याच पानांची गादी घातलेली. पूर्वी सावदा आणि रावेर स्टेशनांवरून रेल्वे वाघिणींनी हा माल दिल्लीकडे जात असे. वाटेतलं फैजपूर आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावं: डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं.

सपाट मुलुखातली सायकलभ्रमंती म्हटली की जगाला नेदरलँड्स आठवतो. तिथे माणसं सुमारे एक कोटी ऐंशी लाख आणि सायकली त्याहून जास्त. देशाची चौथाईहून अधिक जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. उत्तर समुद्राच्या काठाने बेल्जियमच्या सीमेपासून जर्मनीच्या सीमेपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. दर चौकात क्रमांकाचा खांब असतो. सकाळी आकडे कागदावर लिहून घेतले की दिवसभर नकाशा उघडावा लागत नाही. तिथलाही वैरी वाराच. १९३२ मध्ये पुऱ्या झालेल्या बत्तीस किलोमीटरच्या आफस्लाउटडाइक या बांधावर तो मोकळा सुटतो, आणि झीलँड प्रांतात समुद्राच्या अडसरावर तर वादळी वाऱ्याविरुद्ध बिनगियरच्या साध्या सायकलींची राष्ट्रीय स्पर्धाच भरते. खानदेशात क्रमांकाचे खांब नाहीत. इथे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारायचं, आणि धुळ्याच्या बाजूला त्याआधीच अहिराणीत प्रश्न येतो, ‘कथा चालना भाऊ?’ सांगितलं की बहुतेक वेळा छोटी वाटही कळते आणि पुढच्या पुलावर पाणी आहे की नाही तेही.

डच रस्त्यावर न भेटणारी एक गोष्ट इथे पावलोपावली आहे: सराटा. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारी ही वेल ऐन सायकलींच्या मोसमात पिकते. वाळलेलं फळ फुटून त्याचे टणक तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर उभा राहतो. मागून ट्रकने भोंगा दिला की सायकल डांबर सोडून साइडपट्टीवर उतरते आणि तिथेच सराटे वाट पाहत असतात. म्हणून थांबायचं असेल तर सायकल उचलून डांबरावर ठेवावी, चाकावर टोचलेलं काही दिसलं तर तासाभराने आपोआप बसणाऱ्या चाकाची वाट न पाहता लगेच पाहावं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. जुना काटा नव्या ट्यूबला दहा मिनिटं टिकू देत नाही. दुसरी अडचण काळ्या मातीची. अवकाळी पाऊस झाला की शेतरस्त्यावरची माती टायरवर थर धरते, मडगार्डच्या आत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने खरवडून दहा पावलं गेलं की पुन्हा तेच. अशा दिवशी डांबरीवरच राहावं.

चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. साने गुरुजींनी शिक्षक म्हणून काम केलं ते हेच गाव. तत्त्वज्ञान मंदिर १९१६ चं. आणि १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या विप्रोचं मूळही इथलंच. दुसरा पर्याय शिरपूरकडे जाण्याचा. त्या तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे, फारुकी घराण्याची सुरुवातीची राजधानी. खाण्याची चिंता या सगळ्या वाटेवर नसते. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी, एरवी शेवभाजी, सणाला मांडे. दिवसाला ऐंशी किलोमीटर करणाऱ्याला वरण-बट्टीचं जेवण दुपारी नको, रात्री हवं, कारण तुपात बुडालेल्या बट्टीनंतर वाऱ्याला तोंड देता येत नाही.

धुळ्याहून पश्चिमेला साक्रीकडे पांझरेच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता सपाटीची दुसरी बाजू दाखवतो. इथे फड पद्धत आहे, तीनशे-चारशे वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. कोणत्या फडात यंदा ऊस आणि कोणत्यात हंगामी पीक हे सगळे शेतकरी मिळून ठरवतात. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, म्हणून पाणी वाया जात नाही. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, डागडुजी सगळ्यांनी करायची. डच लोकांनी तेराव्या शतकापासून जलमंडळं चालवली ती पाणी बाहेर काढण्यासाठी, पांझराकाठच्या लोकांनी फड चालवले ते पाणी पुरवून वाटण्यासाठी. तरुण अभियंते विश्वेश्वरय्या यांना १८८० च्या दशकात नोकरीच्या सुरुवातीलाच याच नदीवर नळ-सायफनचं काम मिळालं होतं. सायकलवरून जाताना फड ओळखता येतो: एका बाजूला सलग उंच ऊस, पाट ओलांडला की सलग गहू किंवा हरभरा, मधे बांधांची सरमिसळ नाही.

दक्षिणेला मुंबई–आग्रा रस्त्याने धुळे सोडलं की आठ-दहा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला समोर उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी रस्ता वळणं घेऊ लागतो. चांगदेवपासून आलेल्या सायकलला इथे पहिल्यांदा सर्वांत हलका गियर लागतो.