निमित्तकारण आणि टायटॅनियम

मागच्या व्याख्यानात आपण घटाचं उदाहरण घेतलं. माती हे उपादानकारण, कुंभार आणि चाक ही निमित्तकारणं. घट झाला की चाक मोकळं. त्यावर एकांनी विचारलं, रसायनातला उत्प्रेरक म्हणजे निमित्तकारणच ना? प्रश्न चांगला आहे. एक हकीकत सांगतो, मग ठरवू.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये सापडलं, पण ते करायला इथिलीन वायूवर वातावरणाच्या हजारपटीहून जास्त दाब द्यावा लागे. पुढे जर्मनीत म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत कार्ल झीग्लर ॲल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगावर इथिलीनच्या साखळ्या वाढवत होते. एकदा काय झालं, साखळी वाढेचना! दोन रेणू जोडले की थांबायची, हाती यायचं ब्यूटीन. शोध घेतल्यावर कळलं, पोलादी भांड्यात निकेलचा अगदी लेशमात्र अंश राहिला होता.

आपण असतो तर भांडं घासून पुढे गेलो असतो. यांनी विचारलं, निकेल साखळी तोडतं, तर बाकीचे धातू काय करतात? एकेका धातूचं संयुग घालून पाहिलं. झिर्कोनियमने लांबलचक साखळी दिली. टायटॅनियम टेट्राक्लोराइड तर इतकं तेज, की दाबाची गरजच उरली नाही. साध्या काचेच्या भांड्यात वायू सोडला तरी पॉलिथिन. हे १९५३ साल.

आता आतली गंमत बघा. साखळीचं एक टोक टायटॅनियमला जोडलेलं असतं. शेजारी एक जागा रिकामी असते, तिथे इथिलीनचा रेणू येऊन टेकतो आणि धातू व साखळी यांच्या मध्येच शिरतो. केस कसा मुळाशी वाढतो, टोकाशी नाही, तसं. वाढ धातूच्या अंगणात होत असल्यामुळे रेणूने कोणत्या बाजूने बसायचं, हेही धातू ठरवू शकतो. मिलानला ज्युलिओ नाट्टांनी १९५४ मध्ये प्रॉपिलीन घेतलं. त्याच्या प्रत्येक रेणूला एक फांदी असते. त्या साऱ्या एकाच बाजूला आलेली साखळी त्यांनी वेगळी काढली. अशा साखळ्या एकमेकींशी नीट लागून बसतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीन कडक. फांद्या वाटेल तशा असत्या तर नुसता चिकट गोळा. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

मग टायटॅनियम निमित्तकारण का? साखळी वाढते तोवर ते तिला रासायनिक बंधाने धरून असतं. कुंभाराचा हात मातीला लागतो, मिसळत नाही. इथे मात्र तेवढ्यापुरतं चाक घटाचाच भाग होतं. शिवाय पूर्वी हा उत्प्रेरक मालातून धुऊन काढत. आताचे इतके कार्यक्षम आहेत, लागतात इतके थोडे, की बहुधा धूतच नाहीत. म्हणजे तुमच्या बादलीत चाकाचा कण राहिलेला आहे. नैयायिकांना हे उदाहरण दिलं असतं तर ते रात्रभर भांडले असते.